नंबर जुळला पाहिजे

अमेरिकेत प्रत्येक घराला गॅरेज असतं आणि त्यात गाडी सोडून सगळं असतं. बर्फ उडवायचं यंत्र, ख्रिसमसचं घडीचं झाड, मुलांना लहान झालेल्या सायकली, आणि घर मराठी असेल तर गणपतीचं मखर. गाड्या बिचाऱ्या बाहेर थंडीत कुडकुडतात. माझ्या मेहुण्याच्या गॅरेजात मात्र खरोखरच गाडी आहे. ती चालत नव्हती, म्हणून तिला आत जागा मिळाली. चालणाऱ्या दोन्ही बाहेर.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उत्तरेला. इथे दगड मारला तर तो मोटारींच्या इंजिनिअरला लागतो, आणि लागल्यावर तो ‘आई गं’ म्हणण्याची शक्यता बरीच असते. मेहुणाही त्यातलाच. दिवसा तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या थंड कशा ठेवायच्या याचा विचार करतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. संध्याकाळी घरी आला की साडेसहा लिटरचं, लिटरला जेमतेम चार किलोमीटर देणारं इंजिन उघडून बसतो आणि तो पगार त्यात ओततो. या दोन्हींत काही विसंगती आहे असं त्याला वाटत नाही. मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर बायको म्हणाली, “अहो, दादाला काही बोलू नका, तो कुठे दारू पितो?” दारूत इतके पैसे जात नाहीत हे तिला कोण सांगणार?

गाडी आहे १९६८ची पाँटियाक जीटीओ. जातीने मसल कार. या जातीची कृती सोपी असते. मध्यम आकाराची, चारचौघांच्या दारात शोभेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात थोराड गाडीचं इंजिन कोंबायचं. या गाडीचं इंजिन चारशे घनइंचांचं, आठ सिलिंडरचं आणि ३५० अश्वशक्तीचं. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे, पुढचे डिस्क हवे असतील तर वेगळे पैसे. त्या काळच्या माणसांचा आयुष्याकडे बघण्याचा दृष्टिकोन यातून कळतो. मी विमा कंपनीत नोकरीला आहे, त्यामुळे मला तो जरा जास्तच कळतो.

मेहुण्याने ही गाडी ओहायोतल्या एका शेतावरच्या कोठारातून आणली, तेव्हा ती चालत होती, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. किल्ली फिरवली की सेल्फ लागत होता, धूर निघत नव्हता, आवाज गोड होता. पण विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आतलं इंजिन हिचं नाही, १९७५च्या कॅटलिनाचं आहे. तीही पाँटियाकच, तिचंही इंजिन चारशे घनइंचांचंच. हिचं मूळ इंजिन केव्हातरी बंद पडलं, म्हणून कोणीतरी उतरवून ठेवलं. ते बघा, तिथे कोपऱ्यात ताडपत्रीखाली.

मेहुण्याने ताडपत्री उचलली. खाली गंजाचा एक ढीग होता आणि त्यात उंदरांनी बाळंतपणं केली होती. मेहुणा गुडघ्यावर बसला, खिशातून टॉर्च आणि दंतवैद्याकडे असतो तसला आरसा काढला, इंजिनाच्या पुढच्या अंगाला उजवीकडे खाली तारेचा ब्रश मारला आणि पाच मिनिटं तिथेच डोकं घालून राहिला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अष्टविनायक केल्याचं समाधान होतं. “दाजी, नंबर जुळतोय.”

म्हणजे आता काय करायचं होतं, तर चालणारं इंजिन काढायचं आणि त्याच्या जागी न चालणारं बसवायचं.

या लोकांत नंबर जुळण्याला जे महत्त्व आहे ते समजायला आपल्याला वेळ लागू नये, कारण आपल्याकडे पत्रिका जुळवतात. मुलगा निर्व्यसनी आहे, मुलगी शिकलेली आहे, दोघं एकमेकांना पसंत आहेत, पण गुणच जुळत नाहीत म्हटल्यावर जशी आत्याबाईंची मान हलते, तशी इथे चांगल्या चालत्या गाडीकडे बघून जाणत्यांची मान हलते. काचेआड गाडीचा नंबर असतो. १९६८च्या जीटीओचा नंबर २४२ने सुरू होतो, हे झालं गोत्र. त्यापुढे बॉडीचा प्रकार, मग साल, मग कारखान्याचं अक्षर. याच नंबराचा तुकडा इंजिनावर ठोकलेला असतो. शेजारी दोन अक्षरी कोड असतो, तो बघून इंजिन हाताने गिअर बदलायच्या गाडीसाठी होतं की आपोआप बदलणाऱ्या, ते सांगतात. मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरपाशी, ओतकामाची तारीख. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असं अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. इंजिनाचा जन्म गाडीच्या आधीचा हवा, पण फार आधीचा नको. हेडवर वेगळा नंबर. कार्ब्युरेटरवर वेगळा. डायनामोवर वेगळा. आणि हे सगळं पटलं की पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाची एक मंडळी आहेत, त्यांच्याकडून कारखान्याच्या मूळ कागदाची नक्कल मागवायची. त्यात या नंबराची गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासकट आणि कोणकोणत्या जादा वस्तूंसह बाहेर पडली ते असतं. मेहुण्याने ती नक्कल लॅमिनेट करून घेतली आहे. त्याचं स्वतःचं लग्नाचं सर्टिफिकेट कुठे आहे ते त्याला माहीत नाही.

पत्रिका आली की खोट्या पत्रिकाही आल्या. १९६४ आणि ६५च्या जीटीओंचा नंबर पाँटियाकच्या साध्या लमान्स गाडीसारखाच असे, कारण तेव्हा जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हतीच. त्यामुळे लमान्सवर बिल्ले चिकटवून तिला जीटीओ करणारे निघाले. इंजिनावरचा जुना नंबर घासून नवा ठोकणारेही आहेत. आणि ते ओळखणारेही आहेत. ते भिंग लावून यंत्राने उठलेल्या बारीक रेघा सलग आहेत का ते बघतात. शेव्हरोलेच्या इंजिनांवर तर हा नंबर नेमका ब्लॉकच्या वरच्या सपाटीला, हेड बसतं त्याच्या शेजारी असतो. त्यामुळे एखाद्या भाबड्या मिस्त्रीने सपाटी साफ करायला ब्लॉक मशिनवर घेतला की इंजिन सुधारतं आणि किंमत पडते. पाँटियाकचा नंबर पुढच्या तोंडावर असल्याने वाचतो. मेहुण्याने मला ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की तो नंबर आपल्याच पूर्वजांनी दूरदृष्टीने तिथे ठोकला असावा, असं मला वाटू लागलंय.

गंमत अशी की ज्या गाडीच्या शुद्धतेसाठी एवढा आटापिटा, तिचा जन्मच मुळी नियम वाकवून झाला. १९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या कंपन्यांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं होतं. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असाही दंडक होता. पाँटियाकला दुःख झालं, कारण तिचं सगळं नाव वेगावरच होतं. तेव्हा जॉन डिलोरियन तिथला मुख्य इंजिनिअर. बिल कॉलिन्स आणि रस गी हे त्याचे सहकारी. त्यांच्या लक्षात आलं की पाँटियाकची ३२६ची आणि ३८९ची इंजिनं बाहेरून सारखीच आहेत, त्याच बोल्टांवर बसतात. आणि दंडक होता तो गाडीबरोबर मिळणाऱ्या नेहमीच्या इंजिनाबद्दल. गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजून मागितलेल्या इंजिनाबद्दल त्यात काही म्हटलेलंच नव्हतं. झालं. टेंपेस्ट लमान्स या सोज्वळ गाडीच्या जादा वस्तूंच्या यादीत जीटीओ ही एक वस्तू आली. सुमारे तीनशे डॉलर. रेडिओ हवा का, हीटर हवा का, त्याच चालीवर ३८९ घनइंच हवेत का. विक्रीखात्याला वाटत होतं की पाच हजार खपल्या तरी पुष्कळ. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. एवढा खप झाल्यावर नियम मोडला म्हणून कान उपटायला कोण येतो?

नावही स्वतःचं नाही. ते सरळ फेरारीच्या २५० जीटीओवरून उचललं. शर्यतीला पात्र ठरलेली गाडी, असा त्या इटालियन आद्याक्षरांचा अर्थ. पाँटियाकची जीटीओ कुठल्याच शर्यतीसाठी पात्र ठरवून घेतलेली नव्हती. इटलीप्रेमी लोक संतापले, पाँटियाकला फुकट जाहिरात मिळाली.

आणि यातला माझा सर्वांत आवडता भाग पुढेच आहे. मार्च १९६४च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर फेरारी जीटीओ आणि पाँटियाक जीटीओ समोरासमोर. आत पाँटियाक शून्यापासून ताशी साठ मैलांवर ४.६ सेकंदांत गेल्याचं छापलं होतं. देशभर बोंबाबोंब झाली. यात फेरारी प्रत्यक्ष पळवलीच नव्हती, मुखपृष्ठावरचं ते निव्वळ चित्र होतं, ही एक बारीकशी बाब. दुसरी जरा जाड आहे. चाचणीला दिलेली पाँटियाक रॉयल ओकच्या ‘रॉयल पाँटियाक’ या दुकानातून तयार होऊन आली होती, आणि तिच्यात ३८९च्या जागी ४२१ घनइंचांचं इंजिन बसवलेलं होतं. बाहेरून सारखंच दिसतं ना! जाहिरातीच्या बाजूचा जिम वँगर्स या सगळ्याचा कर्ताकरविता. त्याने पुढे कित्येक वर्षांनी आपल्या आठवणींत हे खुशाल सांगून टाकलं.

म्हणजे ज्या एका गाडीमुळे जीटीओ जगप्रसिद्ध झाली, तिचा नंबर जुळत नव्हता. मी हे मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, “दाजी, ती आज सापडली आणि तिच्यात ते मूळचं ४२१ असेल, तर विचार करा काय किंमत येईल!” मूळचं खोटं इंजिन. मी विचार केला नाही, विषय बदलला.

ताडपत्रीखालचं इंजिन गॅरेजात येऊन पडलं आणि त्याच सुमाराला माझे सासरे सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आले. मामांचा जन्म शिवाजी उद्यमनगरात लेथच्या आवाजात गेला. तिथे त्यांचा बोअर मारायचा धंदा होता. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, अँबॅसिडर, विहिरीवरची ऑइल इंजिनं, जे फिरतं आणि फिरायचं थांबतं ते सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. अमेरिकेत आल्यावर बाकीच्यांचे आईवडील नायगारा बघायला जातात. मामा विमानतळावरून आले, चहा घेतला आणि विचारलं, “त्ये इंजिन कुठाय?”

त्यांनी आधी कॅटलिनाचं, काढून स्टँडला टांगलेलं इंजिन बघितलं. हाताने फिरवून पाहिलं, कंप्रेशन लागलं. “ह्ये तर चांगलं हाय की.” मग गंजलेलं बघितलं. मग मुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाव्हणं, ह्याला शिकवाय मी वीस गुंठं इकलं.”

पण एकदा पाना हातात घेतल्यावर त्यांना राहवेना. इंजिन पार धरलं होतं. पिस्टन सिलिंडरला चिकटून एकजीव. यावर अमेरिकेत प्रत्येकाकडे आपापलं औषध असतं. कोणी अॅसिटोन आणि गिअरचं तेल निम्मं-निम्मं ओतायला सांगतो, कोणी डिझेल, कोणी कोका-कोला. मामांनी रॉकेल मागितलं. रेशनकार्ड न दाखवता रॉकेल मिळतं, आणि तेही निळ्या कॅनमधून, याचं त्यांना नायगारापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. रोज सकाळी अंघोळ, पूजा आणि इंजिनात रॉकेल. मधूनच पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीची एक टिचकी. जोर करायचा नाही. “बोलवत ऱ्हायाचं, येतंय आपसूक.” मेहुणा अधीर होऊन मोठा घण घ्यायला निघाला की नुसता डोळा वर करत. अखेर एका रविवारी, आम्ही पोहे खात असताना, गॅरेजातून ‘खट्’ असा आवाज आला आणि मामा म्हणाले, “सुटलं.” ते पोहे संपवून मगच उठले.

इंजिन खोलणं हा प्रकार मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. बॅटरी धरणाऱ्याला कधीच बरोबर धरता येत नाही, हा जागतिक नियम आहे. जिथे हात आहे तिथे उजेड नाही आणि जिथे उजेड आहे तिथे डोळा, असं तीन पिढ्यांपासून चालू आहे. खाली चेंबर उघडलं तर गाळात पिवळट प्लास्टिकचे तुकडे. त्या काळी आवाज कमी व्हावा म्हणून बऱ्याच अमेरिकन इंजिनांत टायमिंगच्या चाकाला नायलॉनचे दात असत. पन्नास वर्षांत ते झडून तेलाच्या जाळीत येऊन बसतात. मामांनी एक दात उचलून निरखला. “मान्साचंबी असंच हाय,” म्हणाले आणि आपली कवळी सारखी केली.

एकेक बोल्ट सुटा होऊन प्लास्टिकच्या पिशवीत जात होता आणि प्रत्येक पिशवीवर मेहुणा चिठ्ठी लावत होता. त्याचा एक तक्ता संगणकावर होता. कोणत्या बोल्टच्या डोक्यावर कोणती खूण, ती मूळची की नंतरची, असे रकाने. मामांकडे तक्ता नव्हता. ते बोल्ट ज्या भोकातून काढत त्याच भोकात दोन आटे परत बसवून ठेवत.

मग सिलिंडर. मामांनी आत बोट घातलं आणि वरच्या कडेला नख फिरवलं. “नख आडकतंय. सात-आठ थाऊ झिजलंय. तीस थाऊ बोअर मारा.” मेहुण्याला हे पुराव्याशिवाय मान्य होणं शक्य नव्हतं. त्याने शहराबाहेरची एक मशीन शॉप शोधली. ती चालवणारा गोरा म्हातारा मामांच्याच वयाचा, मामांसारखाच कानाने कमी. त्याने ब्लॉक धुतला, चुंबकाची पूड टाकून कुठे चीर आहे का पाहिलं, मग गेज उतरवलं आणि कागदावर आकडा लिहून मामांसमोर सरकवला. आठ थाऊ. मामांनी मेहुण्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर दोघा म्हाताऱ्यांचं जे जमलं ते जमलंच. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी, आणि ऐकू दोघांनाही येत नव्हतं, त्यामुळे अडचण काही नव्हती. इंचाचा हजारावा भाग कोल्हापुरात आणि मिशिगनमध्ये सारखाच असतो. मामांनी होनिंगच्या रेघांचा कोन हाताने दाखवला, त्याने मान हलवली. त्याने जुने कनेक्टिंग रॉड उचलून नाक मुरडलं, मामांनी दुप्पट मुरडलं. ठरलं, रॉड नवे, घडीव. मध्ये दुभाषा म्हणून उभा असलेला मेहुणा एकही वाक्य बोलला नाही. तो फक्त दर पाच मिनिटांनी पुढच्या तोंडावरच्या नंबरावर मास्किंग टेप नीट आहे ना बघत होता.

काम लांबलं. ते लांबतंच. तोवर खंडेनवमी आली. उद्यमनगरात त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून त्यांना हार घालतात, एकही लेथ चालत नाही. मामांनी नुकताच बोअर मारून आलेला उघडा ब्लॉक गॅरेजात पाटावर ठेवला. त्याला हळद-कुंकू, झेंडूची फुलं, शेजारी टॉर्क पाना, मायक्रोमीटर, गोटी पान्यांचा सेट. कुंकू बरोबर नंबरावर लागलं. मेहुण्याने नमस्कार केला आणि मामांची पाठ वळताच ते पुसून काढलं, कारण कुंकवाने लोखंडाला काही होतं का हे त्याला तपासायचं होतं.

जोडणी पुढच्या वर्षी मामांच्या दुसऱ्या फेरीत झाली. पिस्टन नवे, रिंगा नव्या, रॉड नवे, बेअरिंगं नवी, कॅम नवा, टॅपेट नवे, व्हॉल्व्ह नवे, चेन नवी, तेलाचा पंप नवा. शिशाचं पेट्रोल गेलं, म्हणून व्हॉल्व्हच्या बैठकाही नव्या, कडक धातूच्या. क्रँक जुनाच, पण घासून. मागच्या ऑइल सीलच्या जागी मूळची दोरी असे. ती पिळून, ठोकून बसवायची असते. मेहुण्याला मूळचीच दोरी हवी होती, मामांना रबराचं सील. “तेल गळाय नको का न्हाई, येवढंच सांग.” मेहुण्याने बराच वेळ विचार केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मूळ गाडी गळत असेल तर आपलीही गळावी, अशा निष्कर्षापर्यंत तो येत होता. सुनेने बाहेर घातलेल्या नव्या फरशीकडे बोट दाखवलं आणि रबराचं सील बसलं.

सगळं जोडून, कारखान्याच्या निळ्या रंगाचा हात मारून झाल्यावर मामांनी हिशेब मांडला. “ह्यात जुनं काय ऱ्हायलं? लोखंडाचं भांडं आणि त्याच्यावरला नंबर. भांड्याचंबी आतनं तीस थाऊ कातरलं. म्हंजी नंबरच. त्यो कापून फ्रेम करून भितीला लावला आस्ता, आणि त्ये दुसरं इंजिन चालू ठेवलं आस्तं, तर किती वाचलं आस्तं?” जीटीओला अमेरिकेत लाडाने ‘गोट’ म्हणतात, म्हणजे बकरा. हे कोणीतरी सांगितल्यावर मामा म्हणाले, “बोकड कापल्यालं लई बघितलं. कापून परत जोडत्यात, ह्ये हितंच.”

पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी मला अग्निशामक नळकांडं देऊन उभं केलं. विम्याचा माणूस म्हणून. तसं आमच्या धंद्याचं आणि या गाड्यांचं जुनं वैर आहे. सत्तरच्या आसपास तरुण पोरांच्या या गाड्यांवर विमा कंपन्यांनी असे हप्ते लावले की गाडीच्या हप्त्यापेक्षा विम्याचा हप्ता जड झाला. मग १९७१पासून कंप्रेशन उतरलं, १९७३च्या अखेरीस अरबांनी तेल आखडलं, १९७४ला जीटीओ बंद. पुढे २०१०मध्ये पाँटियाक हे नावच संपलं. आता त्याच गाड्यांचा विमा आम्ही आनंदाने उतरवतो, कारण मालक त्या चालवतच नाहीत.

नवा कॅम बसवलेलं असं इंजिन सुरू झालं की ताबडतोब दोन हजार फेऱ्यांवर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच ठेवायचं, सावकाश घुरघुरत ठेवायचं नाही, नाहीतर कॅम आणि टॅपेट एकमेकांना खातात. त्याआधी ड्रिल मशीन लावून तेलाचा पंप फिरवायचा, म्हणजे तेल वरपर्यंत पोचतं. हे सगळं झालं. गल्लीतले शेजारी आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन आले. मेहुण्याने किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, शिंकलं, आणि कार्ब्युरेटरमधून हातभर ज्वाळ वर आली. मी नळकांडं उचललं. “थांबा, पाव्हणं!” मामा खुर्चीतूनच ओरडले. “डिस्ट्रिब्युटर उलटा बसवलाय त्येनं. एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतोय. एकदा दाबाय आणि एकदा धूर सोडाय. ह्येनं धूर सोडताना ठिणगी पाडलीया.” बावीस वर्षांच्या अनुभवाच्या इंजिनिअरने डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा फेरा फिरवून ठेवला. १-८-४-३-६-५-७-२, ठिणगीचा क्रम पुन्हा एकदा मोठ्याने म्हटला. किल्ली फिरवली.

त्या आवाजाचं वर्णन करत नाही. शेजारच्या तीन गाड्यांचे अलार्म वाजले आणि एका कुत्र्याने कुंपण ओलांडलं, एवढं सांगितलं की पुरे.

इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते. फर्नडेलमधल्या मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला १९९५ साली हे सुरू झालं, आता देशभरातून जुन्या गाड्या येतात. वुडवर्ड अॅव्हेन्यू म्हणजे साठच्या दशकात पोरांनी एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत पैजा लावून गाड्या पळवायचा रस्ता. रॉयल पाँटियाकचं दुकान त्याच टापूत होतं. एरवी हिवाळ्यात या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते डेट्रॉइट शहराच्या खालीच हजार फुटांहून खोल खाणीत मिळतं. शहर वर गाड्या बनवतं आणि आपल्याच पोटातलं मीठ टाकून त्या गंजवतं. ऑगस्टमध्ये मात्र मीठ नसतं. फक्त गाड्या असतात, आणि त्या इतक्या असतात की कोणालाच हलता येत नाही.

३५० अश्वशक्तीची ती गाडी घेऊन आम्ही ताशी पाच मैलांनी निघालो. तेही सगळा वेळ नव्हे. क्लच असा की दाबून दाबून मेहुण्याची डावी पोटरी फुगली. पुढे एका मुस्टँगचा धूर, मागे एका शेव्हीचा, आणि मामा मागच्या सीटवर खिडकीतून हात बाहेर काढून गर्दीला आमदारासारखा नमस्कार करत होते. तापमानाचा काटा वर चढू लागला तसं आम्ही एका वाहनतळावर गाडी लावली आणि बॉनेट उघडलं. मेहुण्याचा खरा क्षण तोच होता. निळं इंजिन, क्रोमची झाकणं, आणि शेजारी लॅमिनेट केलेला कागद.

लोक आले. दोन मिनिटं बघून गेले. मग टोपीवाला एक म्हातारा आला, ज्याच्या खिशात स्वतःचा आरसा आणि स्वतःचा टॉर्च होता. मेहुणा बाजूला झाला. म्हातारा वाकला, कोड वाचला, नंबर वाचला, मागे जाऊन ओतकामाची तारीख वाचली, कागदाशी ताडून पाहिली. सरळ उभा राहिला, कंबर धरली आणि मान डोलावली. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

“छान,” म्हातारा म्हणाला. “रेडिएटरच्या पाइपांच्या क्लिपा तेवढ्या आजच्या आहेत.”

तो निघून गेला. मेहुणा तिथेच फूटपाथवर बसला आणि फोनवर १९६८च्या क्लिपा कुठे मिळतात ते शोधू लागला. मिळत होत्या. चार क्लिपांची किंमत पाहून मी माझा चष्मा पुसला.

मामांनी मात्र मला बाजूला घेतलं. त्यांच्या भावाचं पन्हाळ्याच्या वाटेवर गुऱ्हाळ आहे आणि चरकाचं इंजिन फार जुनं झालंय. “पाव्हणं,” आवाज उतरवून ते म्हणाले, “त्ये गॅरेजातलं चांगलं इंजिन बोटीनं कोल्हापूरला धाडायचं म्हटलं, तर इमा किती पडंल?”